सोल्युशन्सचं चॅप्टर, चवथीच्या आधीची टेस्ट आणि भागाकाराखाली काय आहे ते

बारावीच्या केमिस्ट्रीत सोल्युशन्स अगदी सुरुवातीला येतं आणि आमच्या वर्गात त्याच्याबद्दल दोनच मतं होती, एक म्हणजे सोप्पंय रे नुसते फॉर्म्युले आहेत, आणि दुसरं म्हणजे नुसते फॉर्म्युलेच आहेत म्हणून मेलो. युनिट टेस्ट लागली चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीच्या तोंडावर, म्हणजे घरात माटोळीची (गणपतीवर फळं-भाज्या बांधून करतात त्या सजावटीची) चर्चा, बाजाराच्या याद्या, मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्या झाडणं हे सगळं चालू आणि मी कोपऱ्यात मोलॅलिटी घेऊन. आमचं घर पेडण्यात, हायर सेकंडरी म्हापशात, त्यामुळे निम्मा अभ्यास बसमधे होतो, आणि बसमधे गणितं सोडवता येत नाहीत, फक्त विचार करता येतो. या चॅप्टरला तेच लागतं हे नंतर कळलं.

आधी मी सगळ्यांसारखंच केलं, एक मोठा कागद घेतला आणि त्यावर सगळे फॉर्म्युले वेगवेगळ्या रंगात. दिसायला छान. मग शेजारच्या बेंचवरच्या मैत्रिणीने सहज विचारलं की मोलॅरिटी आणि मोलॅलिटीत खरा फरक काय, कॅपिटल एम आणि स्मॉल एम सोडून. दोन्हीत वर तेच आहे, सोल्यूटचे, म्हणजे जे विरघळलंय त्याचे, मोल (मोल म्हणजे कण मोजायचं माप). फरक सगळा खाली. मोलॅरिटीत खाली अख्ख्या सोल्युशनचं व्हॉल्यूम लिटरमधे, मोलॅलिटीत खाली फक्त सॉल्व्हंटचं, म्हणजे ज्यात विरघळलंय त्याचं, वजन किलोत, मोल फ्रॅक्शनमधे खाली दोघांचे मिळून मोल. टक्केवारी घ्या नाहीतर पीपीएम (दहा लाखांत किती) घ्या, तिथेही खाली काय धरलंय तेवढंच बघायचं. त्या दिवसानंतर मी तो रंगीत कागद ठेवून दिला आणि प्रत्येक गणिताच्या बाजूला आधी एकच गोष्ट लिहायला लागले, भागाकाराखाली काय.

हे ऐकायला फार मोठं वाटत नाही, माहितीय. पण एक उदाहरण करून बघा. लॅबमधलं कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड, ९८ टक्के, डेन्सिटी १.८४. एक लिटर म्हणजे १८४० ग्रॅम, त्यात ९८ टक्के ॲसिड म्हणजे साधारण १८०३ ग्रॅम, भागिले ९८ (हा ॲसिडचा मोलर मास, म्हणजे एका मोलचं वजन), मोलॅरिटी आली १८.४. आता त्याच बाटलीची मोलॅलिटी काढा. १०० ग्रॅममधे ९८ ग्रॅम ॲसिड म्हणजे बरोब्बर एक मोल, आणि पाणी किती, तर दोन ग्रॅम, म्हणजे ०.००२ किलो. एक भागिले ०.००२ म्हणजे ५००. एकाच बाटलीला एकीकडे १८.४ आणि दुसरीकडे ५००. मी हे दोनदा तपासलं कारण उत्तर बघून वाटलं कुठेतरी शून्य जास्त पडलं, पण नाही, तसंच आहे, पाणीच इतकं कमी आहे की खालचा आकडा जवळजवळ नाहीसा झालाय. उलट पातळ सोल्युशनमधे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात कारण एक लिटर सोल्युशनमधे पाणी जवळपास एक किलोच असतं. वर्गात बहुतेक गणितं पातळ सोल्युशनची असतात, म्हणून पोरांना वाटतं काही फरकच नाही, आणि मग डेन्सिटी दिलेलं एक गणित येतं आणि तिथे सगळे गळतात.

टेंपरेचर बदललं की मोलॅरिटी बदलते आणि मोलॅलिटी बदलत नाही, हा एका मार्काचा प्रश्न दरवेळी असतो. पाठ करायची गरजच नाही, खाली व्हॉल्यूम असेल तर ते गरम झाल्यावर फुगणार, खाली वजन असेल तर ते कशाला फुगेल.

हेन्रीचा नियम मी पटकन उरकला. गॅसवर प्रेशर जास्त तर तो पाण्यात जास्त विरघळतो, गाड्यावरच्या सोड्याच्या बाटलीचं झाकण उडालं की फसफस का होते ते सगळ्यांना माहितीय, आणि केएच (हेन्रीचा स्थिरांक) जेवढा मोठा तेवढा गॅस कमी विरघळतो हे मात्र नीट डोक्यात बसवायला लागतं कारण ते उलटं वाटतं. पुस्तकात २९३ केल्व्हिनला हेलियमचा केएच १४४.९७ किलोबार आणि ऑक्सिजनचा ३४.८६, म्हणजे हेलियम सगळ्यात कमी विरघळणारा, म्हणून खोल बुडी मारणाऱ्यांच्या टाकीत, रक्तात गॅस कमी विरघळावा यासाठी, नायट्रोजन थोडा कमी करून हेलियम मिसळतात, ११.७ टक्के हेलियम, ५६.२ नायट्रोजन आणि ३२.१ ऑक्सिजन. माझा एक मावसभाऊ सीझनला टुरिस्टांना डायव्हिंगला नेणाऱ्या बोटीवर असतो, त्याला मी हे आकडे मोठ्या तोऱ्यात सांगितले तर तो म्हणाला, "अगो, आमच्या टाकीत साधी हवाच भरतात, टुरिस्ट एवढ्या खोल जातो कुठे?" बरोबरच आहे त्याचं, खोली कमी तर प्रेशर कमी, रक्तात विरघळणारा नायट्रोजनही कमी. पेपरात मात्र हेलियमच लिहायचं.

मग आला राउल्टचा नियम आणि तिथे मी अडकले, म्हणजे नियम सोपाय, प्रत्येक लिक्विडचं व्हेपर प्रेशर (त्याच्या वाफेचा दाब) त्याच्या मोल फ्रॅक्शनच्या प्रमाणात, पण आयडियल नसलेली सोल्युशन्स, पॉझिटिव्ह डेव्हिएशन, निगेटिव्ह डेव्हिएशन, ते ग्राफ वर फुगलेले आणि खाली वाकलेले, आणि मग ॲझिओट्रोप. यात मला मदत झाली ती काजूच्या भाटीची, म्हणजे काजूची दारू गाळतात त्या भट्टीची. हसू नका. आमच्या मामाच्या गावाला शेजाऱ्यांची भाटी आहे, मार्च ते मे तिकडे गेलं की बोंडवांचा वास अख्ख्या वाड्यावर. बोंडू तुडवून रस काढायचा, तो काही दिवस आंबवायचा, मग भाणात (मोठ्या हंड्यात) घालून खाली जाळ करायचा आणि वाफ नळीतून लावणीत (दारू जमते त्या भांड्यात) जाऊन थंड होते. पहिल्या वेळी येतो तो हुर्राक. तोच हुर्राक परत रसात मिसळून भाणात घातला की दुसऱ्या वेळी फेणी. लहानपणापासून हे बघितलेलं, पण परत का उकळतात असं कधी विचारलंच नव्हतं.

आता राउल्ट घेऊन बघा. इथेनॉल पाण्यापेक्षा लवकर उडतं, म्हणून वर जाणाऱ्या वाफेत त्याचं मोल फ्रॅक्शन खालच्या लिक्विडपेक्षा जास्त असतं. ती वाफ थंड केली की जे मिळतं ते आधीपेक्षा कडक. ते परत उकळलं तर अजून कडक. म्हणजे एकदा भाण लावणं म्हणजे एक पायरी. काजूची फेणी साधारण ४२ टक्क्यांच्या आसपास असते, मामा ग्रावमधे (दारूचा कडकपणा मोजायच्या जुन्या मापात) सांगतो, एकोणीस-वीस ग्राव. मी त्याला फोन करून विचारलं की समजा परत परत उकळत राहिलं तर शंभर टक्के होईल काय. तो म्हणाला, "शंभर टक्के करून कोण पिणार, मरायचंय?" आणि मग म्हणाला तुझा अभ्यास कुठे पोचलाय. अभ्यास नेमका तिथेच पोचला होता. शंभर होतच नाही. साधारण ९५ टक्क्यांवर गेलं की वाफ आणि लिक्विड दोघांत इथेनॉलचं प्रमाण अगदी सारखं होतं, मग उकळून काय वेगळं होणार, दोन्हीकडे तेच. हा ॲझिओट्रोप. इथेनॉल आणि पाण्याचे रेणू एकमेकांना तेवढे धरून ठेवत नाहीत जेवढे आपापल्यात धरतात, म्हणून व्हेपर प्रेशर नियमापेक्षा जास्त, ते पॉझिटिव्ह डेव्हिएशन, आणि व्हेपर प्रेशर जास्त म्हणजे लवकर उकळणार, म्हणून हा मिनिमम बॉइलिंग ॲझिओट्रोप. नायट्रिक ॲसिड आणि पाणी याच्या उलट, ६८ टक्क्यांना मॅक्सिमम बॉइलिंग. हे एवढं फोनवर बोलता बोलता बसलं डोक्यात, आणि त्याआधी दोन संध्याकाळ ते ग्राफ नुसते टकामका बघत होते.

बाटलीवरचे टक्के मात्र व्हॉल्यूमचे असतात हं, वजनाचे नाहीत. खाली काय आहे ते इथेसुद्धा बघायचं. (आई म्हणाली टेस्टच्या वहीत फेणी फेणी काय लिहिलंयस, टीचर काय म्हणतील. टीचरना मी दाखवली, त्या म्हणाल्या काजू फेणीला २००९ पासून जीआय टॅग आहे, लिही बिनधास्त.)

कोलिगेटिव्ह प्रॉपर्टीज हा टेस्टचा मुख्य भाग आणि माझ्या मते चॅप्टरमधला सगळ्यात छान. चार गोष्टी, व्हेपर प्रेशर कमी होणं, बॉइलिंग पॉइंट वाढणं, फ्रीझिंग पॉइंट उतरणं, ऑस्मॉटिक प्रेशर (पातळ पडद्यातून पाणी सोल्युशनमधे ओढलं जातं ते थांबवायला लागणारा दाब). चौघांना सोल्यूट कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नाही, फक्त कण किती तेवढं मोजतात, देवळातल्या समाराधनेला पानं मोजतात तसं, कोण कुठल्या वाड्यावरचा ते नंतर. आणि फॉर्म्युल्यांमधे खालचा आकडा बदलतो, एवढंच. पहिल्यात मोल फ्रॅक्शन, मधल्या दोघांत मोलॅलिटी, शेवटच्यात मोलॅरिटी. म्हणजे सुरुवातीची ती कंटाळवाणी एककं उगाच नव्हती, ती इथे वापरायची होती.

बॉइलिंग पॉइंटचा अभ्यास स्वयंपाकघरात झाला. आई लाडवांसाठी पाक करत होती, एक किलो साखर आणि अर्धा लिटर पाणी, आणि मला हलवायला उभं केलं. एका हातात कालथा, मनात गणित. साखरेचा मोलर मास ३४२, म्हणजे किलोत २.९२ मोल, खाली अर्धा किलो पाणी, मोलॅलिटी ५.८५. पाण्याचा केबी (एक मोलॅलिटीला बॉइलिंग पॉइंट किती वाढतो तो आकडा) ०.५२, म्हणजे साधारण तीन डिग्री, पाक १०३ ला उकळायला पाहिजे. पण मजा पुढे आहे. पाक उकळत राहतो, साखर तेवढीच राहते, पाणी उडतं. पाणी अर्धं उरलं, पाव किलो, की खालचा आकडा निम्मा, मोलॅलिटी दुप्पट, वाढ सहा डिग्री. म्हणजे साधं पाणी उकळताना शंभरावर थांबतं आणि पाक उकळता उकळता अजून अजून गरम होत जातो. आई बोटात घेऊन तार बघते ती खरं म्हणजे पाणी किती उरलंय तेच बघते. तिला सांगितलं तर, "ते मग सांग, आधी खाली लागतंय ते बघ."

खरं टेंपरेचर या हिशोबापेक्षा जास्त चढतं, चार भाग साखर आणि एक भाग पाणी इतका घट्ट पाक ११० च्या आसपास जातो. कारण हे फॉर्म्युले पातळ सोल्युशनसाठीच आहेत. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही, पण पाकाजवळ उभं राहिल्यावर कळतं की ती ओळ का आहे.

फ्रीझिंग पॉइंटला पुस्तक आपल्याला रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकायला सांगतं. आम्हाला बर्फ म्हणजे मासळीच्या खोक्यातला. म्हणून मी समुद्राचं पाणी घेतलं, ते तरी जवळ आहे. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, सगळं मीठच धरूया. ३५ भागिले ५८.५ म्हणजे ०.५९८ मोल. खाली एक किलो धरायचं नाही, इथेच वर्गातले अर्धे पडतात, खाली पाणी फक्त ९६५ ग्रॅम. मोलॅलिटी ०.६२. केएफ (तसाच फ्रीझिंग पॉइंटचा आकडा) १.८६ ने गुणलं की १.१५ डिग्री. पण समुद्राचं पाणी गोठतं उणे १.९ च्या आसपास. मग कुठे गेलं बाकीचं? मीठ पाण्यात गेलं की सोडियम वेगळा आणि क्लोराइड वेगळा, कण दुप्पट, म्हणून व्हॅन्ट हॉफचा आय (एकाचे किती कण होतात तो आकडा) दोन. दोनाने गुणलं की २.३. आता जास्त आलं. कारण इतक्या खारट पाण्यात आयन एकमेकांना थोडे धरून असतात, आय पूर्ण दोन भरत नाही, आणि समुद्रात सगळं काही सोडियम क्लोराइड नसतं, मॅग्नेशियम आणि सल्फेट वगैरे पण आहे. तरी १.१५ पेक्षा २.३ हे खऱ्या १.९ च्या जास्त जवळ आलं हेच खूप. हे व्हॅन्ट हॉफ म्हणजे १९०१ चं केमिस्ट्रीचं पहिलंवहिलं नोबेल मिळालेले, टेस्टला विचारत नाहीत पण मला आवडलं.

आय चा भाग मी असा केला. तुटतंय की जुळतंय? मीठ तुटून दोन, पोटॅशियम सल्फेट तुटून तीन, ॲल्युमिनियम क्लोराइड चार, पोटॅशियम फेरोसायनाइड पाच (आतला सायनाइडवाला गट तुटत नाही, तो एकच मोजायचा). युरिया, ग्लुकोज, साखर, काहीच नाही, एक. आणि बेंझिनमधे बेंझॉइक ॲसिड, ॲसेटिक ॲसिड हे उलटे, दोघं दोघं जोडीने राहतात, आय अर्ध्याजवळ. कण तुटले तर मोजून आलेला मोलर मास खऱ्यापेक्षा कमी दिसतो, जुळले तर जास्त. बेंझॉइक ॲसिडचा खरा १२२, पण फ्रीझिंग पॉइंटवरून काढलात तर २४० च्या आसपास येतो. का कमी का जास्त, तर परत तेच, मोलर मास काढताना कणांची संख्या भागाकाराखाली जाते.

ऑस्मॉटिक प्रेशर शेवटी ठेवलं होतं कारण आर ची, म्हणजे गॅसच्या स्थिरांकाची, भीती. फॉर्म्युला गॅससारखाच, पाय बरोबर सीआरटी (पाय म्हणजे ऑस्मॉटिक प्रेशर, सी म्हणजे मोलॅरिटी, टी म्हणजे टेंपरेचर). पण आर कुठला घ्यायचा? प्रेशर बारमधे पाहिजे तर ०.०८३, ॲटमॉस्फिअरमधे ०.०८२१, आणि पास्कल असेल तर ८.३१४, पण मग व्हॉल्यूम लिटर नाही, घनमीटर. मी वहीच्या पहिल्या पानावर हे तीन आकडे लिहिले आणि प्रत्येकाखाली त्याचं एकक, आणि टेंपरेचर केल्व्हिनमधे. तेच समुद्राचं पाणी परत घेतलं, एक लिटरमधे ०.६१ मोल, आय दोन, ३०० केल्व्हिन, उत्तर ३० बारच्या वर. तीस बार! समुद्राच्या पाण्याचं गोडं करायच्या मशीनला यापेक्षा जास्त प्रेशर का द्यायला लागतं ते एका ओळीत समजलं, आणि इतकी वीज का खाते तेही.

ऑस्मॉसिसला आजीचं उदाहरण आपोआप आलं. आमच्याकडे कोवळ्या कैऱ्या मिठात घालून वर दगड ठेवतात, चेपणीचे तोर. दोन दिवसांनी कैऱ्या सुरकुततात आणि बरणीत पाणी, जे आपण घातलेलंच नव्हतं. कैरीतलं पाणी बाहेर आलं, जिकडे कण जास्त तिकडे. सलाइन ०.९ टक्केच का तेही तसंच, त्याहून पातळ असेल तर रक्तातल्या पेशी फुगतात, खारट असेल तर त्या कैऱ्यांसारख्या आकसतात.

आजीचं माहेर आगरवाड्याचं, मिठागरांचं. मी तिला विचारलं मीठ पडायला किती वेळ लागतो, ती म्हणाली उन्हावर आहे बाय. मी मग हिशोब केला, १०० ग्रॅम पाण्यात मीठ जास्तीत जास्त ३६ ग्रॅम राहतं, म्हणजे ३५ ग्रॅमला साधारण ९७ ग्रॅम पाणी पुरतं, आणि आपल्याकडे आहे ९६५. दहातले नऊ भाग पाणी उडायला पाहिजे तेव्हा पहिला खडा दिसणार. म्हणून एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पाणी फिरवत राहतात, मीठ कोणी घालत नाही, फक्त पाणी कमी करत जातात. मीठ पडायच्या आधी जिप्सम खाली बसतं आणि मीठ पडल्यावर उरलेलं पाणी कडू, मॅग्नेशियमचं. आजीला हे कडू पाणी माहीत होतं, ते सोडून द्यायचं असतं म्हणाली, नाहीतर मीठ ओलं राहतं. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं, हे मला त्याच्या दुसऱ्या दिवशी पुस्तकात सापडलं.

टेस्टच्या आदल्या रात्री मी नवीन काही केलं नाही. जुनी सोडवलेली गणितं घेतली आणि उत्तर झाकून फक्त एवढंच लिहिलं की खाली काय जाणार, एकक काय, आय किती. आकडेमोड केलीच नाही. अर्ध्या तासात पूर्ण चॅप्टर फिरून झालं आणि कुठे अडतंय तेही कळलं, मला अडत होतं ते दोन व्होलाटाइल (सहज उडणारी) लिक्विड असलेल्या गणितात वाफेतलं मोल फ्रॅक्शन काढताना, तिथे खाली टोटल प्रेशर जातं, लिक्विडमधलं काही नाही. तेवढं तीनचारदा केलं आणि झोपले.

पेपर ठीक होता. डेन्सिटीवालं गणित होतं, नायट्रिक ॲसिडचं. ०.१ मोलल युरिया, सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम सल्फेट, कुणाचा फ्रीझिंग पॉइंट सगळ्यात खाली, हा पण होता, सल्फेटचा, कण तीन. ॲझिओट्रोपवर तीन मार्कांचा होता त्यात मी इथेनॉल आणि पाणी लिहिलं, भाटी लिहिली नाही, जागा नव्हती. एक प्रॉब्लेम प्रोटीनच्या मोलर मासचा होता ऑस्मॉटिक प्रेशरवरून, त्यात प्रेशर पास्कलमधे दिलेलं आणि व्हॉल्यूम मिलिलिटरमधे, मुद्दाम, आणि बाहेर आल्यावर जिन्यावर सगळा आरडाओरडा त्याच्यावरूनच चालू होता, कोणाचं उत्तर हजारपट मोठं तर कोणाचं हजारपट लहान. माझ्या मैत्रिणीने ८.३१४ घेऊन मिलिलिटरचे घनमीटर केले होते, मी पास्कलचे बार करून ०.०८३ घेतला, दोघींचं उत्तर जवळजवळ सारखं आलं, तेव्हा जरा बरं वाटलं आणि मग बस पकडायला पळालो, कारण पुढची गाडी तासाने होती.